यादी पुढे पळते, कान मागे राहतात

वाचकाचं पत्र

दादा, आठ महिन्यांपूर्वी एका रात्री मैत्रिणीने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि एम्परर या नॉर्वेच्या बँडचा 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' लावला. काही कळलं नाही, पण अंगावर काटा आला. तेव्हापासून वेड लागलंय. रोज ब्लॅक मेटलचा, म्हणजे हेवी मेटलमधल्या त्या कर्कश, काळोख्या प्रकाराचा, एखादा नवा अल्बम ऐकते, वहीत नाव लिहिते, पुढे बरोबरची खूण करते. दोनशेच्या वर झालेत, यादीत आणखी सहाशे आहेत. परवा मैत्रिणीने एक गाणं लावलं आणि म्हणाली, ओळख. मला ओळखता आलं नाही. वही काढून बघितलं तर त्या अल्बमपुढे खूण होती. मी ऐकते की नुसती मोजते? पहिल्या रात्रीसारखं आता काही होतही नाही. डिमू बोर्गिर हा बँड आवडतो म्हटलं तर जुने चाहते म्हणतात, तुला यातलं काही कळत नाही. यातल्या काही वादकांनी केलेले खून आणि जाळलेली चर्च यांबद्दल वाचल्यापासून तर हे ऐकावं की नाही, असंही वाटतं. घरी भावाला हा सगळा गोंगाट वाटतो. माझा उत्साह खोटा आहे का?

उत्तर

तुझा उत्साह खोटा नाही. खोटा असता तर एक गाणं ओळखता आलं नाही म्हणून तू वही उघडून बघितली नसतीस, मला पत्र तर नक्कीच लिहिलं नसतंस. अडचण वेगळी आहे. तू ज्या वेगाने ऐकतेस त्या वेगाने हे संगीत ऐकताच येत नाही.

चांगलं पॉप गाणं पहिल्या भेटीतच ओळख करून घेतं. ब्लॅक मेटल पहिल्या भेटीत दार लावून घेतं, आणि ते जाणूनबुजून. गिटारची तार इतक्या वेगाने खालीवर छेडत राहतात की स्वर सुटा न राहता त्याचा एक सलग पट्टा होतो. याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात हे तुला एव्हाना माहीत असेल. त्याच्या मागे ब्लास्ट बीट, म्हणजे ठोके मोजता येऊ नयेत इतक्या वेगाचा ड्रम. बास बहुतेक वेळा हरवलेला, वरच्या पट्टीतला करकराट पुढे आलेला, आणि गाणारा शब्द उच्चारण्याऐवजी किंचाळतोय. नव्या कानाला यातून एक भिंत ऐकू येते. पैसे नव्हते, चांगला स्टुडिओ मिळाला नाही, म्हणून आवाज असा झाला, असं पुष्कळांना वाटतं. काही बँडच्या बाबतीत ते खरंही आहे. पण नॉर्वेच्याच डार्कथ्रोन या बँडचं उदाहरण घे. १९९१ चा त्यांचा पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' हा स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत नीट ध्वनिमुद्रित केलेला डेथ मेटल, म्हणजे हेवी मेटलचाच दुसरा एक प्रकार होता. वाद्यांवर हात बसलेला होता, स्टुडिओही मिळालेला होता. ते सगळं सोडून हीच मंडळी १९९४ मध्ये चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' करून बसली. गिटार, बास, ड्रम सगळं एकट्या फेनरिझने वाजवलं आणि नॉक्टर्नो कुल्टो त्यावर गायला. ते धुकं त्यांनी मुद्दाम आणलेलं आहे.

तो अल्बम मी पहिल्यांदा लावला तेव्हा अर्ध्यात बंद केला होता. एकच ठोका, एकच करकर, शेवटपर्यंत तेच. चौथ्या वेळी ऐकताना कधीतरी माझं ड्रमवरचं लक्ष सुटलं आणि एकदम जाणवलं की ड्रम पळतोय, पण गिटारचे सूर किती सावकाश बदलताहेत! एक सूर लागतो, राहतो, राहतो, मग हळूच पुढच्यावर सरकतो. ड्रम मागे तंबोऱ्यासारखा सतत आहे आणि त्यावर एक संथ, उदास चाल चालली आहे. मी तोवर चुकीचा थर ऐकत होतो. तू आज त्यातलं पहिलं गाणं लाव आणि ठोक्याकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त सूर कधी बदलतो एवढंच ऐक. हा एक कान तयार झाला की तुझ्या वहीतले निदान पन्नास अल्बम तुला नव्याने ऐकू येतील.

आता तुझा हिशेब. आठ महिने म्हणजे साधारण दोनशे चाळीस दिवस, आणि दोनशेच्या वर अल्बम. म्हणजे दोनशे पहिल्या भेटी झाल्या, दुसरी भेट जवळपास कुणाचीच नाही. एकदाच भेटलेल्या दोनशे माणसांपैकी एकाला अंधारात नुसत्या आवाजावरून ओळखता आलं नाही, तर त्यात तुझ्या कानाचा काय दोष?

पहिल्या रात्रीसारखं पुन्हा होत नाही, असं तू लिहिलंस. पण त्या रात्रीचा अल्बम तू त्यानंतर किती वेळा ऐकलास, ते काही लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज आहे की फार नाही, कारण त्याच्यापुढे खूण झालेली आहे. त्याच्याकडे परत जा. १९९३ च्या उन्हाळ्यात नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या ग्रीगहॉलेनमध्ये तो ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा त्यात गाणारा इहसान सतरा वर्षांचा होता. ग्रीगहॉलेन म्हणजे एडवर्ड ग्रीग या संगीतकाराच्या नावाचं मोठं सभागृह, बर्गनच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचं घर. त्या अल्बममध्ये कीबोर्ड गिटारच्या मागे असा पुरलेला आहे की पहिल्यांदा ऐकताना तो वेगळा कळतच नाही, फक्त मागे काहीतरी प्रचंड उभं आहे असं वाटतं. तुझ्या अंगावर काटा आला तो त्यामुळेच, अशी माझी खात्री आहे. आता एकदा फक्त कीबोर्डच्या मागे मागे जाऊन तो पूर्ण ऐक. त्या रात्री जे नुसतं जाणवलं होतं ते आता ऐकू येईल. पहिल्या रात्रीचा थरार जसाच्या तसा परत येणार नाही, हे खरं. पण मला स्वतःला ही दुसऱ्या वेळची ओळख अधिक प्रिय आहे, आणि तुझ्या वाट्याला ती अजून आलेलीच नाही.

वही टाकू नकोस. तिच्यात काय लिहायचं, तेवढं बदल. आठवड्याला एकच नवा अल्बम घे आणि तो निदान तीनदा ऐक. पहिल्यांदा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, सलग. दुसऱ्यांदा गाण्यांचे शब्द आणि कव्हर समोर घेऊन. तिसऱ्यांदा मध्ये दोन दिवस जाऊ देऊन. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर खूण करण्याऐवजी एक वाक्य लिही, तुझ्या शब्दांत. 'रॉ', 'अ‍ॅटमॉस्फेरिक', 'कल्ट' हे शब्द वापरायचे नाहीत, कारण ते कुठल्याही अल्बमला चिकटतात. "तिसऱ्या गाण्यात सगळं थांबतं आणि एकटी गिटार उरते, तिथे मला एकटं वाटलं" असं काहीतरी लिही. असं वाक्य लिहिलेला अल्बम तू विसरणार नाहीस. लिहिण्यासारखं काहीच सुचलं नाही, तर तो अल्बम बहुधा तुझा नाही. मग तो कितीही थोर मानला जात असला तरी सोडून दे.

आणि आवाज जरा कमी ठेव. हे संगीत मोठ्यानेच ऐकायचं, असा एक समज आहे. आठवड्याला ८० डेसिबलच्या पातळीवर ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली सुरक्षित मर्यादा आहे. आवाज त्याहून वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. वरच्या पट्टीतली ही करकर हेडफोनवर तासन् तास ऐकणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवं. कमी आवाजात मागचे थरही बरे ऐकू येतात, करून बघ.

सहाशेच्या यादीचं काय, असं विचारशील. ती असू दे, पण तिथून पुढचा अल्बम निवडू नकोस. 'सर्वश्रेष्ठ शंभर' छापाच्या याद्यांमधून गोळा केलेली नावं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यापेक्षा जो अल्बम मनात घर करून बसला आहे त्याचा धागा पकड आणि चालत सुटायचं. शोधाचा खरा आनंद मला नेहमी इथेच मिळाला आहे. तुझ्याच अल्बमपासून निघू. त्याचं ते निळं-काळं कव्हर कुणाचं, तर नेक्रोलॉर्ड या नावाने चित्रं काढणाऱ्या स्वीडिश चित्रकार क्रिस्तियान वोलिनचं. त्यानेच १९९५ मध्ये डिसेक्शन या स्वीडिश बँडच्या 'स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन'चं कव्हर काढलं. तो अल्बम लाव. तीच थंडी आहे, पण रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, धारदार आणि चाल अगदी स्पष्ट, हेवी मेटलच्या जुन्या घराण्यातली. एका चित्रकाराच्या बोटाला धरून तू नॉर्वेतून स्वीडनला पोचलीस.

आता ध्वनिमुद्रणाचा धागा. ग्रीगहॉलेनमध्ये ही कामं करणारा माणूस म्हणजे पिट्टेन, खरं नाव आयरिक हुंदविन. मेहेम या बँडचा 'दे मिस्तेरीस दोम साथानास', इम्मॉर्टल या बँडचा 'प्युअर होलोकॉस्ट' आणि तुझा एम्परर, तिन्ही त्याच्या हातून गेले. हे तीन पाठोपाठ ऐकलेस तर त्यांतली मोकळी, दगडी खोलीत घुमल्यासारखी जागा ओळखीची वाटू लागेल. मग मेहेमपाशी थांब आणि त्या अल्बममधल्या वाकड्या, खटकणाऱ्या सुरावटी कुठून आल्या ते शोध. तो धागा थॉर्न्स या बँडच्या स्नोरे रूखपर्यंत जातो. थॉर्न्सचा १९९१ चा 'ग्रिमिर्क' हा डेमो नुसत्या गिटार आणि बासवर आहे, ड्रम नाहीत. कच्चा, ओबडधोबड आहे, आणि पुढच्या कित्येक बँडची भाषा त्यात आधीच बोललेली ऐकू येते. ते पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खोलीत उठून उभा राहिलो होतो.

मागेही जाता येतं. या संगीताला नाव मिळालं ते इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या वेनम या बँडच्या १९८२ च्या 'ब्लॅक मेटल' या अल्बमवरून, पण आवाज मिळाला तो मुख्यतः स्वीडनच्या बॅथरी या बँडकडून. त्यातल्या क्वॉर्थॉन नावाच्या पोराने १९८४ मध्ये एका गॅरेजवजा स्टुडिओत पहिला अल्बम केला. त्याचा १९८७ चा 'अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क' ऐकलास की नॉर्वेची मुलं काय ऐकत मोठी झाली ते कळेल. पुढच्याच वर्षी तो माणूस 'ब्लड फायर डेथ'मध्ये घोड्यांच्या टापा आणि समूहगान घेऊन आला, आणि तिथून एक वेगळीच वाट फुटली.

आणि नॉर्वे म्हणजे सगळं जग नव्हे. १९९३ मध्ये ग्रीसच्या रॉटिंग क्राइस्ट या बँडने 'दाय मायटी कॉन्ट्रॅक्ट' केला. तो थंड नाही, ऊबदार आहे, वेगही ठिकठिकाणी मध्यम. जपानच्या साय या बँडचा 'स्कॉर्न डिफीट' त्याच वर्षीचा. तो ओस्लोच्या 'डेथलाइक सायलेन्स' या लेबलवरून निघाला, म्हणजे तेव्हाही हे जाळं किती दूरवर पसरलं होतं बघ. मला विशेष आवडते ती एक गोष्ट म्हणजे या मंडळींचा स्वतःच्या भाषेचा हट्ट. नॉर्वेच्या एन्स्लेव्ह्ड या बँडने पहिल्या अल्बममध्ये बहुतेक गाणी चक्क आइसलँडिक भाषेत लिहिली. युक्रेनच्या द्रुद्खने तारास शेवचेंको या कवीच्या ओळी गायल्या. विंदिर या बँडचा वाल्फार नॉर्वेतल्या त्याच्या सोग्न भागातल्या बोलीत गायचा, तिथल्या जुन्या गोष्टी गायचा. २००४ च्या जानेवारीत डोंगरातल्या कुटुंबाच्या झोपडीकडे चालत निघालेला असताना हिमवादळात तो गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. 'आर्न्तोर' हा त्याचा अल्बम ऐकताना शब्द कळत नाहीत, पण हा माणूस आपल्या गावाबद्दल गातोय, हे कळतं.

डिमू बोर्गिरबद्दल एवढंच सांगतो की आवडतो ना, मग ऐक. 'एन्थ्रोन डार्कनेस ट्रायम्फंट' हा १९९७ चा अल्बम कित्येकांसाठी या घराचं दार ठरला. दारातून आलेल्याला हसणारा माणूस स्वतःही कुठल्या ना कुठल्या दारातूनच आत आलेला असतो. त्याला एकच विचार, तुझा सगळ्यात जिव्हाळ्याचा अल्बम कोणता आणि त्यातलं काय? मनापासून सांगू लागला तर त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. नाही सांगता आलं तर त्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस.

आता अवघड प्रश्न. यावर मी गुळमुळीत बोलणार नाही.

तुझ्या पहिल्या अल्बमवर ड्रम वाजवणाऱ्या फाउस्टने ऑगस्ट १९९२ मध्ये लिलेहामरमध्ये एका समलैंगिक माणसाचा भोसकून खून केला. अल्बमचं ध्वनिमुद्रण त्यानंतरचं. तेव्हा तो पकडला गेलेला नव्हता. १९९४ मध्ये त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. मेहेमचा गिटारवादक युरोनिमस याचा १० ऑगस्ट १९९३ रोजी बुर्झुम हा एकट्याचा बँड चालवणाऱ्या वार्ग विकेरनेसने खून केला. 'दे मिस्तेरीस'मध्ये गिटारवर मारला गेलेला आहे आणि बासवर मारणारा. वर ज्याचं कौतुक केलं त्या स्नोरे रूखलाही त्या खुनातल्या साथीबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली. विकेरनेसला खून आणि चर्च जाळल्याबद्दल एकवीस वर्षांची झाली, २००९ मध्ये तो सुटला. बाराव्या शतकातलं फान्तोफ्तचं लाकडी चर्च ६ जून १९९२ रोजी जळून खाक झालं आणि त्याच्या जळक्या सांगाड्याचा फोटो विकेरनेसने आपल्या बुर्झुमच्या पुढच्या रेकॉर्डवर छापला. 'ट्रान्सिल्वेनियन हंगर'च्या मागच्या कव्हरवरही 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल' असे शब्द छापले होते. त्यावर टीका झाली, बँडने माफी मागितली आणि ते शब्द निघाले.

हे सगळं माहीत असूनही मी यातले बरेच अल्बम ऐकतो, आणि माहिती बाजूला ठेवून ऐकत नाही. लिलेहामरला मेलेला तो माणूस माझ्यासाठी त्या अल्बमचा भाग झाला आहे. ते ड्रम ऐकताना तो आठवतो, आणि आठवायलाच हवा असं मला वाटतं. माझी रेघ अशी आहे. ज्या बँडच्या गाण्यांतच वंशद्वेष आहे ते मी ऐकत नाही, त्यांना पैसेही देत नाही. ज्या माणसाने पुढेही द्वेषच पसरवला, त्याच्या खिशात माझा पैसा जाऊ नये याची काळजी घेतो. बुर्झुम मी म्हणूनच विकत घेत नाही. तुझी रेघ याहून कडक असू शकते. एम्पररच ऐकवेनासा झाला तर थांब, त्यात काही गमावलंस असं मी म्हणणार नाही. मात्र टी-शर्ट घेण्याआधी किंवा अनोळखी बँडला पैसे देण्याआधी दहा मिनिटं वाच. कुणी काय केलं हे शोधायला तेवढा वेळ पुरतो.

आणखी एक. मेहेमचा आधीचा गायक डेड याने १९९१ मध्ये आत्महत्या केली. 'दे मिस्तेरीस'मधले बरेचसे शब्द त्याचेच आहेत. त्याच्या मृतदेहाचा फोटो पुढे एका चोरट्या रेकॉर्डच्या कव्हरवर छापला गेला. तो फोटो शोधू नकोस. तो बघितल्याशिवाय माणूस खरा चाहता होत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबव. डेडचे शब्द वाच, एका फार दुःखी मुलाचे म्हणून वाच.

राहिला तुझा भाऊ. त्याला 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' ऐकवू नकोस. उल्वर या बँडचा 'बेर्गतात्त' लाव, १९९५ चा. पस्तीस मिनिटांचाही नाही. जुन्या वळणाच्या भाषेत पाच प्रकरणांची एक लोककथा आहे, एका मुलीला डोंगरातली अदृश्य माणसं भुलवून आत ओढून नेतात तिची. बेर्गतात्त म्हणजे डोंगराने नेलेली. किंचाळ्या आहेत, पण आधी स्वच्छ, एकमेकांत मिसळलेले आवाज येतात, बासरी येते. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि पियानोबरोबर रानातून धावणारी पावलं ऐकू येतात. लावण्यापूर्वी त्याला एवढी गोष्ट सांग, आणि पावलं येईपर्यंत तरी बस म्हण. तोवर तो बसला, तर पुढे काय होतं ते मला लिहून कळव. तुझ्या वहीतल्या पहिल्या वाक्यासकट.

— दादा